उंच दाढीधारी आयरिस आणि अतिशीत प्रदेश : उत्तर अमेरिकेतील संकरण व लागवडीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

वनस्पतींच्या इतिहासाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रथम ऊस, कापूस, नीळ, चहा यांसारख्या व्यापारी पिकांकडे जाते. या पिकांभोवती साम्राज्ये उभी राहिली, मजुरांची स्थलांतरे झाली, युद्धे झाली. त्या मानाने शोभेच्या फुलांचा इतिहास हा हौशी लोकांचा विषय समजला जातो. परंतु शोभेच्या वनस्पतीत माणसाने घडविलेले बदल हे उत्पन्नापेक्षा आवडीनिवडीने ठरत असतात. त्यामुळे ही आवड कोणाची, ती कोठे घडली आणि तिची किंमत कोणाला मोजावी लागली, हे प्रश्न अशा इतिहासातून अधिक स्पष्टपणे पुढे येतात.

उंच दाढीधारी आयरिस हे याचे एक बोलके उदाहरण आहे. आयरिस ज्या कुळात मोडते त्याच कुळात केशर आणि आपल्याकडे फुलबाजारात विपुल दिसणारा ग्लॅडिओलस यांचाही समावेश होतो. काश्मीरमध्ये कबरींवर आयरिसची झाडे लावण्याची जुनी रीत आहे. उर्वरित भारतात मात्र या फुलाचा परिचय अल्प आहे. याउलट युरोप व उत्तर अमेरिकेत गेल्या दोनशे वर्षांत या वनस्पतीचे हजारो वाण निर्माण झाले. या वाणांची फुले मोठी होत गेली, दांडे उंच होत गेले, रंगांची विविधता वाढली. मात्र याच काळात अतिशीत प्रदेशात टिकून राहण्याची त्यांतील अनेकांची क्षमता कमी झाली. हे कसे घडले, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

उद्दिष्टे व मर्यादा

उंच दाढीधारी आयरिसच्या संकरणाचा इतिहास हवामानाच्या संदर्भात तपासणे, अतिशीत प्रदेशातील उत्पादकांनी या प्रश्नाला दिलेली उत्तरे नोंदविणे आणि 'उत्तम वाण' या कल्पनेमागील स्थानिकतेचे स्वरूप स्पष्ट करणे, ही या अभ्यासाची तीन उद्दिष्टे आहेत. अभ्यासाचे मुख्य क्षेत्र अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील नेब्रास्का, मिनेसोटा व डकोटा हा मैदानी पट्टा असून कॅनडा व रशियाचा उल्लेख तुलनेपुरता केला आहे. कालखंड प्रामुख्याने १८८० ते १९६० असा आहे. विवेचन ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचे असून ते दुय्यम साधनांवर आधारलेले आहे.

वनस्पतीचे स्वरूप आणि थंडीचा प्रश्न

आयरिसच्या फुलाला तीन उभ्या व तीन खाली लोंबणाऱ्या पाकळ्या असतात. लोंबत्या पाकळीच्या मध्यावर केसांचा जो पट्टा असतो त्यास दाढी म्हणतात. कीटकांना परागापर्यंत नेणारी ती वाट होय. ज्या दाढीधारी वाणांचे दांडे ७० सेंटिमीटरपेक्षा उंच वाढतात त्यांना उंच दाढीधारी म्हणतात. त्याखाली मध्यम आणि बुटके असे वर्ग आहेत.

या वनस्पतीचे खोड आले किंवा हळद यांच्याप्रमाणे जमिनीत आडवे वाढते. वनस्पतिशास्त्रात त्यास मूलक्षोड म्हणतात. आयरिसचे मूलक्षोड मात्र खोल नसते. त्याची पाठ जमिनीच्या पृष्ठभागाशी समतल राहते. फुलाचा दांडा ज्या टोकाच्या कोंबातून यावयाचा, तो कोंब संपूर्ण हिवाळा जमिनीलगत काढतो. तो गोठून मेला, तरी बाजूच्या डोळ्यांतून नवी पाने फुटतात आणि झाड जगते. परंतु त्या वर्षी त्यास फूल येत नाही. म्हणूनच अतिशीत प्रदेशात 'जगणे' आणि 'फुलणे' या दोन स्वतंत्र कसोट्या ठरतात. अनेक वाण पहिल्या कसोटीस उतरतात, दुसऱ्या कसोटीस मात्र उतरत नाहीत.

थंडीने झाड मरते ते केवळ तापमानाचा आकडा खाली गेल्यामुळे नव्हे. दिवस लहान होऊ लागले व हवा गार होऊ लागली की काटक वनस्पती हळूहळू सुप्तावस्थेत जाते. तिच्या पेशींत शर्करा साठते, पेशीतील पाणी बाहेर पडते आणि बर्फ पेशींच्या आत न होता पेशींमधील पोकळीत होतो. ही तयारी पूर्ण होण्याआधीच कडक थंडी पडली, किंवा मध्येच ऊब येऊन वाढ सुरू झाली आणि पुन्हा गोठण झाली, तर हानी होते. जमीन वारंवार गोठून वितळू लागली म्हणजे उथळ मुळे उखडली जातात आणि मूलक्षोड वर फेकला जातो. वितळलेले पाणी साचून राहिल्यास जखमी भागात जिवाणूंमुळे होणारी मऊ कूज शिरते. बर्फाचा जाड थर हा अशा वेळी पांघरुणाचे काम करतो. त्यामुळे भरपूर बर्फ पडणाऱ्या अधिक थंड प्रदेशात जे वाण वाचते, ते कमी थंड परंतु उघड्या, वाऱ्याने झोडपलेल्या जमिनीत मरू शकते.

उत्तर अमेरिकेच्या मैदानी पट्ट्यातील हवामान किती टोकाचे असू शकते हे १९३६ या एकाच वर्षाने दाखवून दिले. त्या वर्षी १५ फेब्रुवारीला नॉर्थ डकोटातील पार्शल येथे उणे ५१ अंश सेल्सिअस, तर ६ जुलैला त्याच राज्यातील स्टील येथे ४९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. अशा प्रदेशात उघड्यावर वाढणाऱ्या बहुवर्षायू वनस्पतीला हिवाळा आणि उन्हाळा या दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात.

जुने वाण आणि त्यांचा काटकपणा

एकोणिसाव्या शतकातील बागेतील आयरिस मुख्यतः दोन युरोपीय जातींच्या संकरातून आले होते. 'आयरिस पॅलिडा' ही जात अॅड्रियाटिक किनाऱ्यालगतच्या डाल्मेशियातील, तर 'आयरिस व्हेरिएगाटा' ही मध्य व आग्नेय युरोपातील. दुसऱ्या जातीच्या मायभूमीत हिवाळा चांगलाच कडक असतो. फ्रान्समध्ये लेमाँ या उत्पादकाने १८४० च्या सुमारास या संकरातील रोपे निवडून त्यांना नावे दिली आणि ती विक्रीस आणली. 'मादाम शेरो' हे त्यांपैकी एक गाजलेले वाण.

या वाणांची फुले आजच्या मानाने लहान, पाकळ्या पातळ, दांडे बारीक होते. परंतु ती काटक होती. आयरिसचे मूलक्षोड मातीविना काही आठवडे सहज टिकते. त्यामुळे वसाहतकारांच्या सामानातून, टपालातून आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देवाणघेवाणीतून ती मैदानी पट्ट्यात दूरवर पसरली. ओसाड पडलेल्या शेतघरांच्या अंगणात आणि जुन्या स्मशानभूमींत कोणी निगा न राखताही ती पुढे अनेक दशके फुलत राहिली. काश्मीरप्रमाणे येथेही आयरिस मृतांच्या सोबतीला राहिले, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे.

आशिया मायनरमधील जातींचे आगमन

आयरिसच्या इतिहासाला वळण देणारी व्यक्ती म्हणजे केंब्रिज विद्यापीठातील शरीरक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक सर मायकेल फॉस्टर (१८३६–१९०७) हे होत. ते वृत्तीने हौशी बागकाम करणारे होते. पूर्वेकडील देशांत राहणारे मिशनरी व अन्य परिचित यांच्याकडून त्यांनी आयरिसचे कंद मागविले. या मार्गाने आशिया मायनर, सायप्रस, सीरिया या भागांतील मोठ्या फुलांच्या जाती त्यांच्या बागेत आल्या. तुर्कस्तानातील अमास्या येथून आलेले 'अमास', तसेच 'आयरिस ट्रोजाना', 'आयरिस सिप्रियाना', 'आयरिस मेसोपोटामिका' ही त्यांतील प्रमुख नावे. पांढऱ्या फुलांचे 'आयरिस काश्मिरिआना' हेही त्यांच्या संकरणात आले आणि त्यातून 'काश्मीर व्हाइट' हे वाण निर्माण झाले.

या पाहुण्या जाती आकाराने मोठ्या का आहेत, हे फॉस्टरच्या काळात कोणास ठाऊक नव्हते. पुढे १९२० व १९३० च्या दशकांत फ्रेंच शास्त्रज्ञ मार्क सिमोने यांनी आयरिसच्या गुणसूत्रांची मोजणी केली, तेव्हा त्याचा उलगडा झाला. जुने युरोपीय वाण द्विगुणित असून त्यांच्या पेशीत २४ गुणसूत्रे होती. आशिया मायनरमधील मोठ्या जाती चतुर्गुणित, म्हणजे ४८ गुणसूत्रांच्या होत्या. या दोहोंच्या संकरातून बहुधा ३६ गुणसूत्रांची वांझ रोपे मिळावयाची. परंतु क्वचित जुन्या जातीच्या प्रजननपेशीत गुणसूत्रे निम्मी न होता तशीच राहत आणि ४८ गुणसूत्रांचे फलनक्षम रोप हाती लागे. इंग्लंडमधील ए. जे. ब्लिस यांनी 'अमास'च्या संकरातून मिळविलेले आणि १९१७ मध्ये प्रसृत झालेले 'डोमिनियन' हे अशा दुर्मीळ यशाचे उदाहरण. त्याच्या जाड, मखमली, गडद पाकळ्यांनी आयरिसच्या सौंदर्याची कल्पनाच बदलून टाकली.

या यशाची दुसरी बाजू हळूहळू उघड झाली. भूमध्यसागरी हवामानात पाऊस हिवाळ्यात पडतो व उन्हाळा कोरडा जातो. तेथील अनेक वनस्पती उन्हाळ्यात विश्रांती घेतात आणि शरद ऋतूपासून वाढू लागतात. 'मेसोपोटामिका' आणि तिच्या भगिनी जाती याच शिस्तीत घडलेल्या होत्या. त्यांच्या मायभूमीत हा गुण जीवनदायी होता. नेब्रास्का किंवा मिनेसोटात मात्र हिवाळ्याच्या तोंडावर किंवा ऐन थंडीतील दोन-चार उबदार दिवसांत फुटलेली कोवळी पाने मृत्यूला आमंत्रण ठरत. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. गुणसूत्रे दुप्पट असणे हे नाजूकपणाचे कारण नव्हते. ज्या जातींतून ती आली त्यांचे ऋतुचक्र हे खरे कारण होते.

कॅलिफोर्निया : सौम्य हवामानातील सौंदर्य

अमेरिकन आयरिस सोसायटीची स्थापना २९ जानेवारी १९२० रोजी न्यूयॉर्क येथे झाली. जॉन विस्टर हे तिचे पहिले अध्यक्ष. वाणांची नोंदणी, नावांतील गोंधळ दूर करणे आणि गुणांकन ही कामे तिने हाती घेतली. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रिकॅट्सन डाइक्स यांच्या स्मरणार्थ सुरू झालेले डाइक्स पदक हा आयरिस क्षेत्रातील सर्वोच्च सन्मान बनला.

अमेरिकेतील पहिले डाइक्स पदक १९२७ मध्ये 'सॅन फ्रान्सिस्को' या वाणाला मिळाले. ते कॅलिफोर्नियातील विल्यम मोर यांच्या संकरणातून आले होते. मोर यांचे १९२३ मध्ये निधन झाल्यावर त्यांचे काम सिडनी मिचेल यांनी पुढे नेले. मिचेल हे मूळचे कॅनडातील माँट्रियलचे, व्यवसायाने ग्रंथपाल आणि बर्कली येथील विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचे अध्यापक होते. कॅलिफोर्नियाचे हवामान भूमध्यसागरी असल्यामुळे 'मेसोपोटामिका'च्या वंशातील रोपांना ते मानवले. मोर–मिचेल यांचे 'प्युरिसिमा' हे शुभ्र, उंच वाण १९२७ मध्ये प्रसृत झाले आणि त्याने सर्वांना मोहून टाकले. थंड प्रदेशात मात्र ते नाजूक ठरले व बागांतून नष्ट होत गेले.

परंतु वाण बागेतून नष्ट झाले, तरी त्याचा वंश नष्ट होत नाही. सॅन होझे येथील क्लारा रीस यांनी 'प्युरिसिमा'च्या संकरातून 'स्नो फ्लरी' हे झालरीदार पाकळ्यांचे वाण मिळविले. ते १९३९ मध्ये प्रसृत झाले. झालरीच्या त्या गुणासाठी 'स्नो फ्लरी'चा उपयोग पुढील पिढीतील असंख्य संकरांत झाला. अशा रीतीने सौम्य हवामानात निवडलेले गुण सर्व आयरिसच्या रक्तात मिसळले. प्रत्येक वंशज नाजूक निघाला असे नाही. आनुवंशिकतेत गुण विभागले जातात. परंतु काटक आणि नाजूक रोपे वेगळी काढणारी हिवाळ्याची चाळणी कॅलिफोर्नियात नव्हती.

पदकांच्या पद्धतीनेही हा प्रश्न सुटण्यासारखा नव्हता. परीक्षक बागेत येतो तो फुलांच्या दिवसांत. फुलाचा आकार, रंग, दांड्याची डौलदार फांदणी त्यास दिसते. मागील हिवाळ्यात त्याच वाफ्यातील कोणती रोपे मेली, हे त्यास दिसत नाही. अनुपस्थित रोपाला गुणपत्रिकेत रकाना नसतो.

नेब्रास्काचे सास बंधू : शेतातील चाळणी

या पार्श्वभूमीवर हान्स पीटर सास आणि जेकब सास या दोन बंधूंचे कार्य विशेष महत्त्वाचे ठरते. जर्मनीत जन्मलेले हे बंधू नेब्रास्कात ओमाहा परिसरात शेती करीत. त्यांनी विद्यापीठीय शिक्षण घेतलेले नव्हते. मका व गुरे सांभाळून उरलेल्या वेळात त्यांनी आयरिस, पिओनी, डे-लिली यांचे संकरण केले. त्यांची रोपे उघड्या शेतात, नेब्रास्काच्या वाऱ्यात व गोठणीत वाढत. जी मरत ती आपोआप निवडीतून बाद होत. आधुनिक परिभाषेत ज्याला स्थाननिष्ठ निवड म्हणता येईल, ती त्यांच्या शेतीच्या रीतीतच अंतर्भूत होती.

सास बंधूंनी नव्या मोठ्या जातींकडे पाठ फिरविली नाही, ही बाब महत्त्वाची आहे. त्यांनी चतुर्गुणित वाण वापरले, त्यांच्यातील उंची व आकार घेतला आणि निवड मात्र आपल्या हवामानात केली. बुटक्या काटक जातींशी उंच वाणांचे संकर करून मध्यम उंचीचे आयरिसही त्यांनी तयार केले. त्यांच्या वाणांना लाभलेली मान्यता लहान नव्हती. हान्स यांच्या 'रॅमेसिस'ला १९३२ मध्ये, जेकब यांच्या 'द रेड डग्लस'ला १९४१ मध्ये, हान्स यांच्या 'प्रेअरी सनसेट'ला १९४३ मध्ये आणि जेकब यांच्या 'ओला काला'ला १९४८ मध्ये डाइक्स पदक मिळाले. दरम्यान १९४२ चे पदक 'ग्रेट लेक्स' या कॅनडात निर्माण झालेल्या निळ्या वाणाला मिळाले होते. म्हणजे भव्य फूल आणि काटकपणा यांत मूलभूत विरोध आहे, हा समज या शेतकऱ्यांनी कृतीने खोडून काढला. विरोध होता तो निवडीच्या जागेत.

जेकब यांचे १९४५ मध्ये व हान्स यांचे १९४९ मध्ये निधन झाले. आज अमेरिकन आयरिस सोसायटीचे मध्यम उंचीच्या दाढीधारी वाणांसाठीचे पदक हान्स व जेकब सास यांच्या नावाने दिले जाते.

मिनेसोटातून ओरेगॉनकडे : श्रायनर कुटुंब

सास बंधूंच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवले म्हणजे प्रश्नाची गुंतागुंत ध्यानात येते. मिनेसोटातील सेंट पॉल येथे फ्रान्सिस झेवियर श्रायनर हे एका मोठ्या दुकानात नोकरीस होते. १९२० च्या दशकात त्यांनी आयरिसचा मोठा संग्रह जमविला आणि १९२८ मध्ये पहिली विक्रीसूची प्रसिद्ध केली. १९३१ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या मुलांनी हा व्यवसाय पुढे चालविला.

सेंट पॉल आणि त्याचे जुळे शहर मिनिआपोलिस यांच्या परिसरात तापमान उणे ४० अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्याची नोंद आहे. तेथे ज्या रोपवाटिकेला ग्राहकांसाठी देशोदेशीचे वाण राखावयाचे आहेत, तिच्या दृष्टीने प्रत्येक हिवाळा हा भांडवलावरील घाला होता. सास बंधूंना नाजूक रोप मरू देणे परवडत होते, किंबहुना उपयोगाचे होते. विक्रेत्याला ते परवडणारे नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर श्रायनर कुटुंबाने ओरेगॉन राज्यातील सेलम येथे स्थलांतर केले. तेथील विलमेट खोऱ्यातील सौम्य हिवाळा व सुपीक जमीन आयरिसला अत्यंत अनुकूल होती. पुढे ही रोपवाटिका जगातील अग्रगण्य आयरिस रोपवाटिकांपैकी एक बनली. या कुटुंबाला पहिले डाइक्स पदक मिळवून देणारे 'ब्लू सॅफायर' (१९५८) हे 'स्नो फ्लरी'चे अपत्य होते. मिनेसोटातून निघालेल्या कुटुंबाच्या यशात नेब्रास्का किंवा मिनेसोटात तग न धरणाऱ्या 'प्युरिसिमा'चा वंश मिसळलेला होता, हे येथे नमूद केले पाहिजे.

श्रायनर कुटुंबाला यात दोष देता येणार नाही. व्यवसायाचे गणित त्यांना ज्या दिशेने घेऊन गेले, त्याच दिशेने एकूण उद्योग सरकत गेला. परिणाम मात्र दूरगामी झाला. नव्या वाणांची निर्मिती प्रामुख्याने पश्चिम किनाऱ्यावर केंद्रित झाली आणि मैदानी पट्ट्यातील ग्राहक दुसऱ्याच्या हवामानात निवडलेली रोपे विकत घेऊ लागला. त्याच्या वाफ्यात ती मेली, तर दोष बहुधा त्याच्या निगराणीकडे जात असे.

बुटक्या जातींचे योगदान व अन्य पर्याय

याच श्रायनर कुटुंबातील रॉबर्ट यांनी १९३० च्या दशकात युरोपातून 'आयरिस प्युमिला' या अतिबुटक्या जातीचे बी आणविले. ही जात ऑस्ट्रियापासून पूर्वेकडील गवताळ प्रदेशांपर्यंत आढळते. तिचे कोंब जमिनीला चिकटून असल्याने बर्फाखाली सुरक्षित राहतात. इंडियानातील पॉल कुक आणि टेनेसीतील गेडिस डग्लस यांनी उंच वाणांशी तिचा संकर केला. उंच वाणाकडून २४ व 'प्युमिला'कडून १६ अशी ४० गुणसूत्रे मिळालेली ही रोपे फलनक्षम निघाली. कुक यांचे 'ग्रीन स्पॉट', 'बारिया', 'फेअरी फ्लॅक्स' हे वाण १९५१ मध्ये प्रसृत झाले. थंड प्रदेशासाठी ही मोलाची देणगी होती. परंतु तिची किंमत उंचीत मोजावी लागली.

कॅनडात ओटावा येथील केंद्रीय प्रायोगिक क्षेत्रावर १९२० पासून काम करणाऱ्या इझाबेला प्रेस्टन यांनी वेगळा मार्ग घेतला. त्यांनी दाढी नसलेल्या सायबेरियन आयरिसवर लक्ष केंद्रित केले आणि आपल्या वाणांना 'ओटावा', 'गॅटिनो' अशी कॅनडातील नद्यांची नावे दिली. जे झाड थंडीत रुजणार नाही त्याच्यामागे न लागता थंडीतील झाडच सुंदर करावे, असा हा दृष्टिकोन होता. सोव्हिएत रशियात लेनिनग्राडच्या कोमारोव्ह वनस्पतिशास्त्र संस्थेतील गिओर्गी रोदिओनेन्को (१९१३–२०१४) यांनी आयरिस प्रजातीवरील आपला ग्रंथ १९६१ मध्ये प्रसिद्ध केला. साठ अंश अक्षांशाजवळील शहरात आयरिसचा शास्त्रीय अभ्यास दीर्घकाळ चालला, ही बाब या प्रश्नाचे जागतिक स्वरूप दाखविते.

लागवडीचे संचित ज्ञान

संकरणाच्या बरोबरीने अतिशीत प्रदेशातील बागकाम करणाऱ्यांनी अनुभवातून एक लागवडपद्धती घडविली. जुन्या झुडपांची विभागणी जुलै–ऑगस्टमध्ये करावी, म्हणजे जमीन गोठण्यापूर्वी मुळे पक्की धरतात. वाफे उंच व निचऱ्याचे असावेत. मूलक्षोडावर मातीचा अगदी पातळ थर असावा. उशिरा नत्रयुक्त खत देऊ नये, कारण कोवळी वाढ थंडीत सापडते. आच्छादन घालावयाचे ते जमीन गोठल्यानंतर. जमिनीला ऊब देणे हा त्यामागील हेतू नसतो; गोठलेली जमीन वसंतापर्यंत गोठलेलीच ठेवणे हा असतो. त्यासाठी गव्हाचा पेंढा किंवा सूचिपर्णी वृक्षांच्या फांद्या वापरतात. ओली होऊन एकमेकांस चिकटणारी झाडाची पाने टाळतात. वसंतात आच्छादन एकदम न काढता टप्प्याटप्प्याने काढतात. शरदात वाळलेली पाने गोळा करून नष्ट करतात, कारण आयरिसचे खोड पोखरणाऱ्या पतंगाची अंडी त्यांवर हिवाळा काढतात.

या ज्ञानाची शासकीय पातळीवरील नोंद मात्र बराच काळ अपुरी राहिली. अमेरिकेच्या कृषी विभागाने १९६० मध्ये प्रसिद्ध केलेला वनस्पती-काटकता नकाशा हिवाळ्यातील नीचतम तापमानाच्या सरासरीवर आधारलेला होता. त्यातील तिसरा विभाग उणे ४० ते उणे ३४ अंश सेल्सिअस इतका थंड आहे. याउलट कॅनडात १९६७ मध्ये ओलेट व शर्क यांनी केलेल्या विभागणीत बर्फाचे आच्छादन, दंवमुक्त काळ, पाऊस, वारा व उन्हाळ्यातील कमाल तापमान यांचाही विचार झाला. आयरिसच्या अनुभवाशी हा दुसरा दृष्टिकोन अधिक जुळतो. अमेरिकेचा नकाशा २०२३ मध्ये सुधारण्यात आला, तेव्हा देशाच्या सुमारे निम्म्या भागाची नोंद अधिक उबदार उपविभागात झाली. परंतु उबदार हिवाळा म्हणजे आयरिससाठी सुरक्षित हिवाळा असे समीकरण मांडता येत नाही. बर्फाचे आच्छादन कमी झाले आणि गोठणे–वितळणे वाढले, तर धोका वाढूही शकतो.

निष्कर्ष

१. उंच दाढीधारी आयरिसचा आकार व उंची यांतील वाढ प्रामुख्याने आशिया मायनर व भूमध्यसागरी भागातील चतुर्गुणित जातींमुळे झाली. त्याच जातींच्या ऋतुचक्रामुळे अतिशीत प्रदेशात नाजूकपणाचा प्रश्न निर्माण झाला.

२. मोठे फूल आणि काटकपणा एकत्र येऊ शकतात, हे सास बंधूंच्या चार पदकप्राप्त वाणांनी सिद्ध केले. त्यासाठी निवड कडक हिवाळ्याच्या प्रदेशात होणे आवश्यक होते.

३. व्यापारी गरजांमुळे संकरणाचे केंद्र सौम्य हवामानाकडे सरकले. त्यानंतर थंडीची चाळणी संकरकाराच्या शेतातून ग्राहकाच्या वाफ्यात गेली आणि हानीचा भारही त्याच्यावर आला.

४. काटकपणा हा तापमानाच्या एका आकड्याने व्यक्त होणारा गुण नाही. बर्फ, निचरा, वारा आणि ऋतूंचा क्रम यांच्याशी तो निगडित आहे.

समारोप

आयरिसच्या इतिहासात 'प्रगती' हा शब्द वारंवार वापरला जातो. १८४० च्या दशकातील 'मादाम शेरो'शेजारी १९५८ चे पदकविजेते 'ब्लू सॅफायर' ठेवले, तर तो शब्द सार्थ वाटतो. परंतु अशी तुलना जून महिन्यातील फुललेल्या बागेतच करता येते. मार्च महिन्यात, बर्फ वितळत असताना, मैदानी प्रदेशातील एखाद्या वाफ्यात तीच तुलना केली तर निकाल वेगळा लागू शकतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ऐतिहासिक आयरिसच्या जतनासाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली आणि जुन्या वाणांची ओळख पटविण्याचे काम सुरू झाले. ओसाड शेतघरे व स्मशानभूमी येथे टिकून राहिलेली रोपे आता अभ्यासाचा विषय बनली आहेत.

सुधारित वाणांच्या इतिहासाकडे पाहताना कोणते वाण निर्माण झाले, यासोबतच ते कोणत्या मातीत व कोणत्या ऋतूत निवडले गेले, हे विचारणे अगत्याचे आहे. हा प्रश्न फुलांपुरता मर्यादित नाही. धान्य, फळे व भाजीपाला यांच्या ज्या वाणांची निवड एका ठिकाणी होते आणि पेरणी दुसऱ्या ठिकाणी, त्या सर्वांच्या अभ्यासाला तो लागू पडतो. नेब्रास्कातील दोन शेतकऱ्यांनी त्याचे उत्तर कोणत्याही सिद्धांताविना, आपल्याच शेतात, अनेक हिवाळे वाट पाहून शोधले होते.